कणा आणि ताठा

माणसाला कंबर नावाचा एक अवयव असतो, हे त्याला साधारणपणे चाळिशी उलटल्यावर समजते. तोपर्यंत कंबर म्हणजे पायजम्याची नाडी बांधायची जागा, एवढाच तिचा त्याच्याशी परिचय असतो. मला तर हे ज्ञान व्हायला अठ्ठावन्न वर्षे लागली. आणि झाले तेही रात्री अडीच वाजता, न्हाणीघराच्या दारात.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षीच्या श्रावणात एका रात्री आमच्या आईचा पाय सरकला. तिचे वय वर्षे चौऱ्याऐंशी. आवाज ऐकून मी धावत गेलो, तर ती उंबऱ्याला टेकून बसल्यासारखी पडलेली. देवाची कृपा एवढीच, की मोडतोड काही झाली नव्हती. तिला फक्त उठता येत नव्हते. मी मोठ्या वीरश्रीने पुढे झालो, गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकलो, तिच्या काखांत हात घातले, श्वास कोंडला आणि दिला एक हिसका! आई जागची हलली नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी 'कट्' करून वाजले आणि दुसऱ्याच क्षणी मीही तिच्या शेजारी फरशीवर स्थानापन्न झालो.

सौ. उठून दिवा लावीपर्यंत, आणि तिने वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना व त्यांच्या मुलाला उठवून आणीपर्यंत, आम्ही मायलेक तिथेच बसून होतो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अरे, मला तू उचलणार; पण आता तुला कोण उचलणार?"

या प्रश्नात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते. त्या रात्रीपासून आईने खाली देवळात जायचे सोडले, रात्री पाणी प्यायचे सोडले, आणि उठता-बसता माझ्याकडे बघायचे सोडले. आपल्या भाराने मुलगा मोडला, असे तिने मनाशी घेतले होते.

माझ्या समाचाराला जी मंडळी आली, त्यांतल्या प्रत्येकाजवळ एकेक रामबाण उपाय होता. कोणी तेल सांगितले, कोणी तापलेल्या विटेचा शेक सांगितला, कोणी कमरेचा पट्टा आणून दिला, तर एकाने महिनाभर फळीवर उताणे पडून राहण्याची शिक्षा फर्मावली. डॉक्टर मात्र तपासून म्हणाले, "स्नायू दुखावलाय. अंथरूण धरू नका. झेपेल तसे हिंडा-फिरा, आणि जरा बरे वाटले की व्यायाम शिकून घ्या." त्यांनी धाडल्याप्रमाणे मी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. आमच्या धाकटीच्या वयाची मुलगी. तिने मला वाकवून, वळवून, एका पायावर उभे करून पाहिले आणि म्हणाली, "काका, तुम्हाला आपण पिलाटीज शिकवू या."

मला वाटले, हा कुठला तरी इटालियन खाद्यपदार्थ असावा.

पहिल्या दिवशी व्यायाम असा काही झालाच नाही. तिने छताच्या हुकाला एक दोरी बांधली होती आणि दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला लावतो, तो ओळंबाच! त्या दोरीशेजारी मला आडवे, म्हणजे बाजूने, उभे केले आणि समोर आरसा ठेवला. नीट उभ्या राहिलेल्या माणसाची कानाची पाळी, खांदा आणि खुबा त्या दोरीवर यावेत. गुडघ्याच्या आणि घोट्याच्या सांध्यापाशी ती किंचित पुढून जावी, असा त्यातला हिशेब. आमचे काय दिसले म्हणता? डोके दोरीच्या चार बोटे पुढे, खांदे त्याच्यामागे धावणारे, पोट सर्वांच्या पुढे जाण्याच्या घाईत, आणि गुडघे मागे रेललेले! माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे असते. धडाच्या बरोबर वर असले तर ते आपोआप तोलले जाते. पुढे गेले की मानेचे आणि पाठीचे स्नायू दिवसभर लगाम खेचून धरल्यासारखे ते ओढून धरतात. पस्तीस वर्षे फायलींत आणि अलीकडे मोबाईलमध्ये खुपसलेले हे डोके माझी पाठ बिनपगारी वाहत होती.

चूक कळली म्हटल्यावर ती सुधारायला कितीसा वेळ? मी शाळेतल्या कवायतीचे स्मरण करून ताडकन् 'सावधान' झालो. छाती पुढे, खांदे मागे, पोट आत, श्वास बंद. मुलगी हसली. म्हणाली, "काका, याला ताठ उभे राहणे नाही म्हणत. हा नुसता ताठा झाला!"

मग तिने कण्याची गोष्ट सांगितली. आपण कण्याला काठीची उपमा देतो ती चुकीची आहे. मानेचे सात, बरगड्यांच्या पातळीवरचे बारा आणि कमरेचे पाच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले. मध्ये कुर्च्यांच्या गाद्या. आणि या सगळ्या उतरंडीला तीन बाक. मानेत आणि कमरेत आतल्या बाजूला, तर पाठीत बाहेरच्या. या बाकांमुळेच कण्याला धक्के सोसतात. बाक वाढवणे जितके वाईट, तितकेच ते पुसून टाकणेही वाईट. बाकांसकट तोल सांभाळायचा, त्याचे नाव सरळपणा. आयुष्यभर लोकांना "जरा ताठ बस" म्हणून दरडावणारा मी; मला हे नवीन होते.

पण उतरंड नुसती नीट रचून भागत नाही. सुटे मणके जागेवर धरणारे कोणी तरी हवे. इथे येते ते 'कोअर'. कोअर म्हणजे सिनेनटांच्या पोटावर चौकोनी लाद्या दिसतात त्या, असा माझा समज होता. त्या लाद्या वरच्या थराच्या. खरे काम करणारी मंडळी आत, दृष्टीआड असतात. स्वयंपाकघरातला झाकणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. वरचे झाकण म्हणजे श्वासपटल. खालचा तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. मागच्या बाजूला मणक्यामणक्याला धरून असलेले बारीक स्नायू. आणि पुढून व दोन्ही बाजूंनी कमरेला वेढणारा एक आडवा, पातळ, रुंद स्नायू. पूर्वी पाठीवर पोते घेण्याआधी हमाल कमरेला पटका आवळून बांधीत. हा आडवा स्नायू म्हणजे निसर्गाने दिलेला पटका. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार आपण कामाच्या आरंभी वापरतो तो उगीच नव्हे.

या पटक्याचा एक गुण मला फार आवडला. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन या दोन संशोधकांनी पंधरा धडधाकट माणसे आणि पंधरा कंबरदुखी झालेली माणसे घेतली आणि त्यांना नुसता हात उचलायला सांगितला. धडधाकट माणसांत हाताचा स्नायू कामाला लागण्याआधीच हा पोटाचा आडवा स्नायू आवळला गेलेला आढळला. घरातली बाई सगळे उठायच्या आत उठून चहाचे आधण ठेवते ना, तसा! कंबरदुखीवाल्यांत मात्र तो उशिरा जागा होत होता. सगळ्या कंबरदुखीचे मूळ तेवढ्यातच आहे असे नव्हे. पुढच्या संशोधकांनी या बाबतीत बराच सावधपणा शिकवला आहे. झोप, काळजी, वजन, बैठे काम, अशी पाठीच्या दुखण्याला अनेक पाळेमुळे असतात. पण त्या रात्री न्हाणीघराच्या दारात माझ्या घरचे आधण कोणीच ठेवले नव्हते, एवढे मला कळले.

आता या पिलाटीजविषयी. हे कुठल्या आसनाचे नाव नसून एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज हा १८८३ साली जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या गावी जन्मला. लहानपणी दम्याने आणि मुडदुसाने गांजलेले पोर. त्याने हट्टाने व्यायाम करून शरीर कमावले. पुढे तो इंग्लंडात गेला. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केले. आयल ऑफ मॅन या बेटावर नॉकालो नावाची प्रचंड छावणी होती. वीस हजारांहून अधिक माणसे तिथे तारेच्या कुंपणाआड होती. तिथे तो सोबत्यांकडून व्यायाम करून घेई. अंथरुणाला खिळलेल्यांनाही हातपाय चालवता यावेत म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा बांधल्या आणि त्यातूनच त्याची पुढची यंत्रे निघाली, अशी कथा सांगतात. १९२६ साली तो अमेरिकेला गेला आणि क्लारा या आपल्या सहचारिणीसह त्याने न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर व्यायामशाळा थाटली. जॉर्ज बॅलन्शीन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यातले दिग्गज त्याला मानीत. दुखावलेले नर्तक त्याच्या पायऱ्या चढत.

त्याने स्वतः आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी', म्हणजे नियंत्रणशास्त्र, असे नाव दिले होते. १९४५ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात चौतीस व्यायाम आहेत, आणि त्यांसाठी एक चटई सोडून काहीही लागत नाही. माणूस मोठा गमतीचा. श्वासाचे माहात्म्य सांगायचा आणि सिगारही ओढायचा. कणा तान्ह्या मुलासारखा सपाट असावा असे त्याचे ठाम मत होते. त्याचेच नाव लावणारे आजचे बहुतेक शिक्षक हे मत बाजूला ठेवून कण्याचे बाक जपायला शिकवतात. १९६७ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. आणि ज्या नावाने आज जगभर पाट्या लागल्या आहेत, ते नाव त्याच्या मागे शिष्यांनी रूढ केले. २००० साली तर न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला, की 'पिलाटीज' हा शब्द 'योग' या शब्दासारखाच आता सर्वांचा झाला. त्यावर कोणा एकाची मालकी नाही. याचा दुसरा अर्थ असा, की पाटी कोणीही लावू शकतो. तेव्हा पाटी वाचून आत शिरण्यापूर्वी शिकवणाराचे शिक्षण काय, हे विचारण्याची लाज बाळगू नये.

माझे शिक्षण सुरू झाले ते चटईवर उताणे पडून. गुडघे उभे, तळवे जमिनीवर. कमरेची दोन्ही पुढची हाडे आणि खालचे जघनास्थी यांचा त्रिकोण जमिनीला समांतर ठेवायचा. म्हणजे ओटीपोटावर दुधाची वाटी ठेवली तर सांडू नये. मग नाकाने श्वास घ्यायचा, तो पोट फुगवून नव्हे तर बरगड्या दोन्ही बाजूंना रुंदावून. श्वास सोडताना ओटीपोट अगदी हलके आत ओढायचे. आणि मग, वाटीतले दूध न हिंदकळता, एक पाऊल जमिनीवरून उचलायचे. बस्स!

वाचकहो, हसू नका. चटईवर पडून एक पाय उचलणे यात काय ते मोठे, असे मलाही वाटले होते. पाय उचलला की माझी कंबर एकीकडे कलंडे, मान आखडे, ओठ आवळले जात आणि श्वास बंद पडे. "काका, श्वास!" हे दोन शब्द मी पहिल्या महिन्यात इतक्या वेळा ऐकले, की आमच्या घरी कुणी 'काका' म्हणून हाक मारली तरी मी उच्छ्वास टाकू लागलो. हे मला फार उशिरा उमगले, की कुठलेही अवघड काम करताना मी जन्मभर श्वास कोंडूनच ते करीत आलो होतो. शाळेतली परीक्षा, कचेरीतली बढतीची मुलाखत, मुलीची पाठवणी आणि आईला दिलेला तो हिसका, सगळे एका श्वासात!

पुढे 'हंड्रेड' आला. पाच आकड्यांत श्वास घ्यायचा, पाचांत सोडायचा, हात शेजारी पंपासारखे खालीवर करायचे. अशी दहा आवर्तने म्हणजे शंभर. मूळच्या व्यायामात डोके आणि सरळ पाय उचललेले असतात. आमचे पाय जमिनीवर आणि डोके उशीवरच राहिले. "जेवढे धरून ठेवता येते तेवढेच उचलायचे," हा तिचा नियम. लोखंडी चौकटीवर स्प्रिंगांनी सरकणारे 'रिफॉर्मर' नावाचे यंत्रही तिच्याकडे होते. त्यावर मी दोनदा निजलो आणि चटईवर परत आलो. घरी रोज वीस मिनिटे होण्याला महत्त्व. ते यंत्र काही आमच्या दोन खोल्यांत मावणारे नव्हते.

वरच्या मजल्यावरचे मास्तर एकदा हे सगळे पाहून गेले आणि म्हणाले, "हे तर सगळे आपल्याकडे आहेच!" मास्तरांचे म्हणणे खोटे नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पावलाच्या चवड्यापासून मानेपर्यंत प्रत्येक हाड कुठे असावे, यावर जन्म घालवला. फरक इतकाच, की उड्डियानात श्वास बाहेर टाकून रोखायचा असतो आणि इथे तो चालूच ठेवायचा असतो. मी मास्तरांना म्हटले, "आपल्याकडे होते हे खरे, पण ते आपल्याकडे कपाटात होते, कमरेत नव्हते." मास्तर हसले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी जुने सूर्यनमस्कार पुन्हा सुरू केले. माझ्या मते तेही तितकेच उत्तम झाले. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने दहा चाचण्यांचा, एकूण ५१० रुग्णांचा, आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा पिलाटीजने कंबरदुखीला बराच उतार पडतो, पण इतर व्यायामांहून ते श्रेष्ठ आहे असे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा ज्याला जे रोज करवेल ते त्याचे औषध.

दोन इशारे मात्र देऊन ठेवतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पुढे वाकून गोल होण्याचे व्यायाम टाळावेत. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम-शेक काही न करता तडक इस्पितळ गाठावे.

तीन महिन्यांनी मी वाकून चपलेचा बंद लावू लागलो. तेव्हा त्या मुलीला भीतभीत विचारले, "आता आई पडली, तर मी उचलू शकेन?"

ती म्हणाली, "उचलायचेच नाही, काका! आधी लागले आहे का ते पाहायचे. खूप दुखत असेल तर हलवायचे नाही. नाहीतर त्यांना कुशीवर वळू द्यायचे, मग गुडघ्या-हातांवर येऊ द्यायचे. समोर भक्कम खुर्ची ठेवायची. हात खुर्चीवर, एक पाऊल पुढे, आणि त्यांनीच उठायचे. मागे दुसरी खुर्ची सरकवायचे काम तुमचे."

म्हणजे जे काम अंगाच्या जोरावर करायला गेलो, ते मुळी जोराचे कामच नव्हते! ती घरी आली, आईला भेटली. खुर्चीच्या कडेशी सरकून बसायचे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे झुकवायची, श्वास सोडायचा आणि उठायचे, एवढेच तिने शिकवले. पहिल्या दिवशी आईला तीनदा जमले. सौ. रोज सकाळी चहा आणी तो आईच्या पाच वेळा उठण्याबसण्यानंतर. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसला, वाटेत रात्रभर बारीक दिवा राहू लागला. आईच्या बाजूला मी चटईवर माझी दुधाची वाटी सांभाळीत पडलेला असे. एक दिवस ती वरून म्हणाली, "अरे, श्वास कोंडलायस!" त्या दिवसापासून ती पुन्हा माझ्याकडे बघू लागली.

यंदाच्या दिवाळीची झाडलोट चालली आहे. काल संध्याकाळी आईला देवळात जायचे होते. ती खुर्चीच्या कडेशी आली. मी सवयीने पुढे होऊन हात दिला. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि मान हलवली.

"हात नको," ती म्हणाली. "तू नुसता जवळ उभा राहा."

मी उभा राहिलो. ती श्वास सोडून उठली.